लाली गेली म्हणून इंजेक्शन लांबवू नका

वाचकाचं पत्र

माझा धाकटा भाऊ २७ वर्षांचा आहे, वजन ६० किलो. उद्यमबागेतल्या फौंड्रीत मोल्डिंगला असतो. तीन-चार वर्षं त्याला सारखं तोंड येतं. पायांवर लाल दुखऱ्या गाठी येऊन जातात. लघवीच्या जागी दोनदा जखम झाली होती, ती त्यानं लाजेनं सांगितली नव्हती. दीड वर्षात उजवा डोळा चार वेळा लाल झाला. डोळे आले समजून मेडिकलमधून थेंब आणले, आठवड्यात बरा व्हायचा. गेल्या महिन्यात डाव्या डोळ्यानं एकाएकी धुरकट दिसू लागलं. बेळगावच्या पडद्याच्या डॉक्टरांनी बेहचेट आजार सांगितला. डावा डोळा ६/६०, उजवा ६/९. तीन दिवस सलाईनमधून स्टिरॉइड दिलं. आता प्रेडनिसोलोन ४० एमजी, अझाथायोप्रिन ५० एमजीची एक गोळी आणि थेंब चालू आहेत. इन्फ्लिक्सिमॅब इंजेक्शन घ्या म्हणाले, पण क्षयासाठी हातावर करतात ती माँटू टेस्ट १४ मिलिमीटर आल्यामुळे तीन आठवडे ते थांबलंय. डोळा आता लाल नाही, दुखत नाही. आई म्हणते, एवढी जहाल औषधं कशाला, स्टिरॉइड सोडून गावठी औषध करू. इंजेक्शन खरंच लागतं का? क्षय होईल का? खर्च कसा करायचा? आणि लग्नाचं बघत होतो, ते थांबवायचं का?

— एक अक्का, खानापूर तालुका

उत्तर

अक्का, इंजेक्शन लागतं. तुमच्या भावाला तर नक्कीच लागतं, आणि त्याची तयारी आजवर सुरू व्हायला हवी होती. माँटूमुळे डॉक्टर थबकले हे बरोबरच आहे, पण थबकून पुढचं पाऊल टाकायचं राहिलेलं दिसतं. त्यावर खाली सविस्तर लिहितो, कारण तुमच्या पत्रातला खरा अडकलेला धागा तोच आहे.

आधी लालीचं. बेहचेट म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती भलतीकडे धावून ठिकठिकाणी सूज आणते तो आजार. त्यात डोळ्याला दोन ठिकाणी सूज येते. पुढच्या भागात आली की डोळा लाल होतो, दुखतो, उजेड सहन होत नाही. कधीकधी बुबुळाच्या तळाशी पांढुरक्या पुवाची आडवी रेघ दिसते, आणि मान कलती केली की ती रेघही कलते. हे सगळं दिसायला भयंकर, पण थेंबांनी आठ-दहा दिवसांत ओसरतं, पुष्कळदा थेंबांशिवायही ओसरतं. दुसरी सूज डोळ्याच्या मागच्या पडद्यावर, तिथल्या बारीक रक्तवाहिन्यांना येते. ती लाल दिसत नाही, दुखत नाही. माणसाला फक्त धूसर दिसतं, समोर काळे ठिपके तरंगतात, किंवा एका बाजूचं दिसेनासं होतं. नजर जाते ती या दुसऱ्या सुजेमुळे. थेंबातलं औषध पडद्यापर्यंत पुरेसं पोचतच नाही. त्यामुळे थेंबांनी लाली गेली यावरून मागे काय चाललंय ते काहीच कळत नाही. दीड वर्षात उजवा डोळा चार वेळा ‘बरा’ झाला, त्या काळात पडदा कुणी तपासला नव्हता, एवढाच त्याचा अर्थ.

पडद्याच्या रक्तवाहिन्या सुजून बंद पडल्या की त्यांच्या पुढच्या पडद्याचा रक्तपुरवठा तुटतो. कालव्याच्या शेवटच्या फाट्याचं पाणी बंद झालं की तिथलं पीक वाळतं, आणि मागाहून पाणी सोडलं तरी वाळलेलं उभं राहत नाही, तसंच हे. मात्र नजर ६/६० आहे, म्हणजे साठ मीटरवरून दिसायला हवं ते सहा मीटरवरूनच दिसतं, म्हणून सगळं वाळलं असं समजू नका. नजर कमी होण्याचं कारण पडद्याच्या मध्यभागी साठलेलं पाणी असेल, तर ते उतरल्यावर नजर बऱ्यापैकी वर येऊ शकते. रक्तवाहिन्या बंद पडल्या असतील किंवा डोळ्याची नस सुकली असेल, तर तेवढा भाग परत येत नाही. हा फरक ओसीटी, म्हणजे पडद्याच्या थरांचं स्कॅन, आणि डाय घालून काढलेले फोटो, म्हणजे अँजिओग्राफी, यांवरून कळतो. ओसीटीला काहीच टोचावं लागत नाही. अँजिओग्राफीत हाताच्या शिरेतून पिवळा रंग सोडतात. त्यानंतर दिवसभर कातडी पिवळसर आणि लघवी गडद पिवळी दिसते, घाबरू नका. बाहुली मोठी केलेली असते, म्हणून त्या दिवशी भावानं खानापूरला मोटरसायकल चालवत परतू नये.

रक्ताच्या तपासणीत काही निघालं नाही, मग आजार कसा ठरवला, अशी शंका घरच्यांना येईल. या आजाराची नेमकी अशी रक्तचाचणी नाही. एचएलए-बी५१ ही जनुकीय खूण पॉझिटिव्ह आली तर निदानाला बळ मिळतं, निगेटिव्ह आल्यानं आजार खोडला जात नाही. वर्षातून तीनदा किंवा जास्त वेळा तोंड येणं, जननेंद्रियावर जखमा, पायावरच्या गाठी आणि डोळा, ही खूणगाठ बांधूनच निदान होतं. १९३७ मध्ये हुलुसी बेहचेट या तुर्की त्वचारोगतज्ज्ञानं तोंडाचे व्रण, गुप्तांगाचे व्रण आणि डोळ्याची सूज एकत्र मांडली, तेव्हापासून हीच पद्धत चालत आली आहे. भावानं लाजेनं लपवलेली जखम म्हणूनच निदानात महत्त्वाची होती. ती डॉक्टरांच्या कागदावर आली आहे ना, बघा. हा संसर्ग नाही, लागट नाही, आणि त्याचा चारित्र्याशी काही संबंध नाही. सिफिलिस या गुप्तरोगाची तपासणी सांगितली तरी गैरसमज करून घेऊ नका. तो आजारही डोळ्यात हुबेहूब असाच दिसतो, म्हणून ती प्रत्येकाचीच करतात.

आता औषधं. तरुण पुरुषांत या आजाराचा डोळा जास्त आक्रमक असतो आणि पहिल्या काही वर्षांतच जास्तीत जास्त नुकसान करतो. तुमच्या भावात हे दोन्ही आहे, शिवाय दोन्ही डोळ्यांना झळ लागलेली आहे. २०१८ च्या युरोपीय मार्गदर्शक सूचना या बाबतीत स्पष्ट आहेत: पडद्यावर सूज असेल तर पोटातून स्टिरॉइड एकटं द्यायचं नाही, सोबत प्रतिकारशक्ती आवरणारं औषध हवंच, आणि नजर धोक्यात आणणारा झटका असेल तर मोठ्या डोसच्या स्टिरॉइडबरोबर इन्फ्लिक्सिमॅबसारखं इंजेक्शन किंवा इंटरफेरॉन. तुमच्या डॉक्टरांनी सांगितलेला मार्ग हाच आहे.

स्टिरॉइड लवकर काम करतं, पण तेवढ्यावर आजार धरून राहत नाही. डोस उतरवला की बहुतेकांना पुन्हा झटका येतो, आणि मोठ्या डोसवर वर्षानुवर्षं ठेवलं तर साखर, रक्तदाब, हाडं, मोतीबिंदू आणि डोळ्याचा दाब असे नवे प्रश्न उभे राहतात. आईंची भीती अगदीच निराधार नाही. पण स्टिरॉइड कमी करायचा रस्ता इंजेक्शन आणि अझाथायोप्रिनमधूनच जातो. तीन आठवडे घेतलेलं प्रेडनिसोलोन एका रात्रीत सोडलं तर डोळ्याचा झटका परत येईल तो येईलच, शिवाय शरीराचं स्वतःचं स्टिरॉइड तोवर बंद पडलेलं असतं, त्यामुळे उलट्या, चक्कर, रक्तदाब उतरणं इथपर्यंत पाळी येते. गोळी सकाळी न्याहारीनंतर एकदाच घ्यायची. ४० वरून साधारण दर आठवड्याला ५ ते १० एमजी, आणि २० च्या खाली गेल्यावर आणखी सावकाश, अशी उतरंड असते. ती डॉक्टरांकडून तारखांसह लिहून घ्या. तीन महिन्यांत साडेसात ते दहा एमजीच्या आत येता आलं नाही, तर मूळ उपचार कमी पडतोय असं धरून चालतात. सोबत कॅल्शियम आणि डी जीवनसत्त्व, महिन्यातून एकदा उपाशीपोटी आणि जेवणानंतरची साखर, आणि प्रत्येक भेटीत डोळ्याचा दाब. थेंबांमध्येही स्टिरॉइडच असतं, हे विसरून कुणी दाब मोजायचं टाळू नये.

अझाथायोप्रिन ५० एमजी ही सुरुवातीची गोळी आहे. डोळ्यासाठी ठरलेला डोस रोज किलोमागे २.५ एमजी, म्हणजे ६० किलोला १५० एमजी, तीन गोळ्या. १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या तुर्कस्तानातल्या चाचणीत हाच डोस वापरला होता, आणि त्यावर असलेल्या पुरुषांत डोळ्याचे झटके कमी आले, नव्यानं डोळा धरण्याचं प्रमाणही घटलं. तुमचा भाऊ तीन आठवडे एकाच गोळीवर आहे, आणि मधल्या काळात रक्त तपासल्याचं पत्रात कुठंच नाही. हे याच आठवड्यात करून घ्या: सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), लिव्हर, क्रिएटिनिन (मूत्रपिंडासाठी). रिपोर्ट ठीक असतील तर डोस कधी वाढवायचा ते डॉक्टरांना विचारा. गोळी आपल्या मनानं वाढवू नका. आपल्याकडे काही जणांच्या शरीरात हे औषध पचवणारी यंत्रणा जन्मतःच मंद असते. अशांत पांढऱ्या पेशी पहिल्या चार-सहा आठवड्यांत धाडकन उतरतात. टीपीएमटी आणि एनयूडीटी१५ या जनुकांची तपासणी आधी करता येते. भारतीयांत दुसरी जास्त कामाची. ती झाली नसेल तर निदान दर एक-दोन आठवड्यांनी सीबीसी हवीच, डोस स्थिरावल्यावर मग दोन-तीन महिन्यांनी एकदा.

इथं एक फसगत होते. पेशी उतरल्या की तोंडात मोठे व्रण येतात, आणि ज्याला मुळातच तोंड येतं त्याला वाटतं की आजारानं उचल खाल्ली. व्रणांसोबत ताप असेल, किंवा केस मुठी-मुठीनं गळत असतील, तर गोळी थांबवून त्याच दिवशी सीबीसी करायची. दुसरी फसगत गाऊटच्या, म्हणजे युरिक अॅसिडच्या गोळीची. अॅलोप्युरिनॉल किंवा फेबुक्सोस्टॅट या औषधांनी अझाथायोप्रिन रक्तात अनेक पटींनी साचतं. घरात वडिलांची अशी गोळी असेल तर ती भावाच्या हाती चुकूनही लागू देऊ नका, आणि दुसऱ्या कुठल्या डॉक्टरांकडे गेला तर अझाथायोप्रिन चालू असल्याचं आधी सांगावं. या गोळीचा पूर्ण गुण यायला तीन महिने लागतात. ६/६० च्या डोळ्याला तेवढी सवड नाही. इन्फ्लिक्सिमॅब हवंय ते या तीन महिन्यांसाठी आणि त्यापुढेही.

इन्फ्लिक्सिमॅब किलोमागे ५ एमजी, म्हणजे तुमच्या भावाला ३०० एमजी, १०० एमजीच्या तीन बाटल्या. सलाईनमधून निदान दोन तास, दवाखान्यातच. पहिला डोस, मग दुसऱ्या आठवड्यात, सहाव्या आठवड्यात, पुढे दर आठ आठवड्यांनी. पुष्कळांना पहिल्याच डोसनंतर काही दिवसांत सूज उतरलेली दिसते. मधला डोस चुकवून तीन-चार महिन्यांनी परत सुरू केलं तर शरीर औषधाविरुद्ध प्रतिपिंडं तयार करतं, मग सलाईन चालू असतानाच थंडी, धाप, अंगावर पित्त उठणं असा त्रास होतो आणि औषधाचा गुणही जातो. अशी प्रतिपिंडं तयार होऊ नयेत यासाठीही अझाथायोप्रिन सोबत ठेवतात. म्हणून सुरू करण्याआधी सहा महिन्यांच्या पैशांची आणि ये-जा करण्याची सोय डोळ्यांसमोर असावी.

आता माँटू. १४ मिलिमीटर म्हणजे क्षय झाला असं नाही. शरीराचा क्षयजंतूशी कधीतरी संबंध आला आहे, एवढंच ती सांगते, आणि आपल्या भागात हे कितीतरी धडधाकट माणसांत सापडतं. पण इन्फ्लिक्सिमॅब ज्या रसायनाला अडवतं, तेच रसायन झोपलेल्या क्षयजंतूंना गाठीत कोंडून ठेवत असतं. कोंडी उठली की क्षय उफाळतो, आणि तो फुप्फुसाबाहेरही कुठेही. म्हणून आधी सक्रिय क्षय नाही याची खात्री, आणि मग प्रतिबंधक गोळ्या. खात्री म्हणजे खोकला, संध्याकाळचा ताप, वजन घटणं याची चौकशी, छातीचा एक्सरे, आणि तुमच्या भावाच्या बाबतीत माझ्या मते छातीचा सीटी. कारण तो मोल्डिंगला, म्हणजे वाळूचे साचे करायला आहे. फौंड्रीच्या वाळूची सिलिका धूळ वर्षानुवर्षं फुप्फुसात गेली की क्षयाचा धोका तेवढ्यानंच वाढतो, आणि त्या धुळीचे डागही एक्सरेवर क्षयासारखे दिसून गोंधळ घालतात. तो फौंड्रीत काय काम करतो ते डोळ्याच्या डॉक्टरांनी विचारलं नसेल. आपण होऊन सांगा.

आणखी एक गाठ सोडवावी लागते. क्षयामुळेही पडद्याच्या रक्तवाहिन्या सुजतात, आणि पायावरच्या तशा गाठी क्षयातही येतात. डॉक्टर चाचरतात त्यामागे हेही असतं. पण वारंवार तोंड येणं, गुप्तांगाची जखम, पडद्यावर शुद्ध आणि अशुद्ध दोन्ही प्रकारच्या रक्तवाहिन्यांची सूज हे सगळं मिळून आलं की पारडं बेहचेटकडे झुकतं. शंका उरलीच तर युव्हिआयटिस, म्हणजे डोळ्याच्या आतली सूज, बघणाऱ्या तज्ज्ञाचं मत घ्या.

सक्रिय क्षय नाही असं ठरलं की ६० किलोच्या माणसाला आयसोनियाझिड ३०० एमजी रोज, सहा महिने, सोबत बी६ ची गोळी. सरकारी क्षयरोग कार्यक्रमात २०२१ पासून अशी इंजेक्शनं घेणाऱ्यांनाही प्रतिबंधक उपचार मिळतो, तोही फुकट. खानापूरच्या तालुका रुग्णालयात क्षय विभागाला डॉक्टरांची चिठ्ठी दाखवा. आठवड्यातून एकदा घ्यायच्या बारा डोसांचाही एक प्रकार आहे. त्यातलं रिफापेंटिन प्रेडनिसोलोनचा जोर कमी करतं, त्यामुळे डोळा उसळू शकतो. तो देऊ केला तर भाऊ स्टिरॉइडवर आहे हे तिथं स्पष्ट सांगा. आयसोनियाझिड सुरू झाल्यावर सहसा एक महिना थांबून इन्फ्लिक्सिमॅब देतात. नजर घसरतच असेल तर डॉक्टर त्याहून आधीही देऊ शकतात, तो निर्णय डोळ्याचे आणि छातीचे डॉक्टर मिळून घेतात. म्हणून म्हटलं, की माँटू आल्या दिवशीच हा महिना मोजायला लागला असता तर आज इंजेक्शन चार पावलांवर असतं. गोळ्या न घेता नुसतं थांबण्यात भावाचा काहीच फायदा झालेला नाही. आयसोनियाझिड आणि अझाथायोप्रिन दोन्ही लिव्हरवर भार टाकतात, तेव्हा दारू पूर्ण बंद, आणि लघवी गडद, डोळे पिवळे, सारखी मळमळ यांतलं काही दिसलं तर गोळ्या थांबवून दवाखाना. क्षयाबरोबर हिपॅटायटिस बी आणि सी, एचआयव्ही यांचीही तपासणी आधी होऊ दे. हिपॅटायटिस बी जुना, लपलेला असेल तर तोही या इंजेक्शनानं जागा होतो, आणि त्यावर वेगळी गोळी द्यावी लागते.

दर दोन महिन्यांनी भरती होणं जमणार नसेल तर अडॅलिम्युमॅब हा पर्याय आहे. ४० एमजी, दर दोन आठवड्यांनी, पोटाच्या कातडीखाली घरीच टोचायचं. पहिला डोस दुप्पट. क्षयाचे नियम तेच. ते २ ते ८ अंशांत ठेवावं लागतं: फ्रिजच्या मधल्या कप्प्यात, फ्रीजरला किंवा बर्फाला थेट चिकटून नको. गोठलं की वाया गेलं. पावसाळ्यात तुमच्याकडे वीज दिवस-दिवस जाते, तेव्हा एका वेळी एकच पेन घरी आणा. भारतात दोन्ही औषधांचे बायोसिमिलर, म्हणजे दुसऱ्या कंपन्यांनी केलेली मिळतीजुळती औषधं, मिळतात, मूळ ब्रँडपेक्षा स्वस्त, आणि ते घ्यायला हरकत नाही. एटनरसेप्ट नावाचं याच वर्गातलं इंजेक्शन मात्र डोळ्याला उपयोगी पडत नाही. दुकानात ‘हे पण तेच’ म्हणून दिलं तर घेऊ नका. सायक्लोस्पोरिनचाही पर्याय काही ठिकाणी सुचवतात. डोकेदुखी, बोलताना अडखळणं, तोल जाणं असलं काही असेल तर ती गोळी टाळावी. तोंडाच्या व्रणांसाठी कोल्चिसिन चालतं, पण त्यानं पडद्याचं रक्षण होत नाही.

थेंब बंद करायचे नाहीत, फक्त त्यांचं काम ओळखून घालायचे. प्रेडनिसोलोन अॅसिटेटची बाटली प्रत्येक वेळी चांगली हलवा, औषध तळाशी बसतं. एकच थेंब, मग डोळा मिटून नाकाकडचा कोपरा मिनिटभर दाबून धरायचा. दुसरा थेंब पाच मिनिटांनी. बाहुली मोठी करणारा होमॅट्रोपिनचा थेंब दिला असेल तर त्यानं जवळचं अंधूक दिसतं, म्हणून तो टाळू नका; बुबुळ मागच्या भिंगाला चिकटू नये यासाठी तो असतो. मेडिकलमधून आपल्या मनानं थेंब आणणं यापुढे पूर्ण बंद. मध, तूप, पाल्याचा रस, गुलाबपाणी डोळ्यात काहीही नको. आणि आईंना हे विशेष सांगा: प्रतिकारशक्ती वाढवायला म्हणून गुळवेलीचा काढा देऊ नका. या आजारात प्रतिकारशक्ती कमी नसते, ती भलतीकडे धावत असते, आणि गुळवेलीनं लिव्हर बिघडल्याच्या नोंदी आपल्याच देशात झाल्या आहेत.

घरी रोज सकाळी एक तपासणी करा. एक डोळा तळहातानं पूर्ण झाकून, दुसऱ्यानं भिंतीवरच्या कॅलेंडरचे आकडे ठरलेल्या एका जागेवरून वाचायचे, मग डोळा बदलायचा. दोन्ही उघडे ठेवून बघितलं तर चांगला डोळा वाईटाचं झाकतो. कालचा वाचता येणारा आकडा आज येत नसेल, नवे ठिपके तरंगत असतील, रेघा वाकड्या दिसत असतील, तर डॉक्टरांची पुढची तारीख कधी आहे ते बघत बसू नका. त्याच दिवशी गाठा. उजवा ६/९ चा डोळा हीच आता तुमची मोठी ठेव आहे, त्याच्याकडे दुप्पट लक्ष.

डोळ्याबाहेरच्या तीन गोष्टी तातडीच्या. एका पायाला सूज आणि दुखणं; खोकल्यातून रक्त; आणि न थांबणारी डोकेदुखी, दोन-दोन दिसणं किंवा तोल जाणं. हा आजार शरीरातल्या मोठ्या रक्तवाहिन्या आणि मेंदूही धरतो. इंजेक्शन सुरू झाल्यावर १०१ च्या वर ताप आला तर क्रोसिन घेऊन दोन दिवस वाट बघण्याची चैन त्याला नाही. जिवंत लसी आता चालणार नाहीत, न्यूमोकॉकल आणि फ्लूची लस मात्र घेऊन टाका. मोतीबिंदू झाला तरी डोळा निदान तीन महिने शांत असल्याशिवाय ऑपरेशनला होकार देऊ नका.

खर्चाचं. भावाची पगाराची पावती काढा. त्यात ईएसआयची, म्हणजे कामगार विम्याची ०.७५ टक्के कपात होत असेल तर तो विमाधारक आहे, आणि मोठा उपचारही त्यातून होऊ शकतो. २१ हजारांपर्यंत पगार असणाऱ्यांना तो लागू आहे. ईएसआयच्या डॉक्टरांकडून रेफरल घेऊन, इंजेक्शनचं नाव, डोस आणि वर्षाचा अंदाजित खर्च लिहिलेलं पत्र जोडा. मंजुरीला वेळ लागतो, म्हणून आयसोनियाझिडच्या महिन्यातच अर्ज करा. आजारपणाच्या रजेत वर्षाला ९१ दिवसांपर्यंत ७० टक्के वेतनही मिळतं. ईएसआय नसेल तर बीपीएल कार्ड घेऊन आयुष्मान भारत-आरोग्य कर्नाटकची चौकशी करा. त्याला बहुधा सरकारी रुग्णालयाचं रेफरल पत्र लागतं, तेव्हा बेळगावच्या बिम्स या सरकारी रुग्णालयापासून सुरुवात करा. इन्फ्लिक्सिमॅब कुठल्या पॅकेजात बसतं ते आरोग्यमित्राकडून आधी लेखी घ्या. महाराष्ट्रानं २०२३ मध्ये सीमाभागातल्या ८६५ गावांसाठी महात्मा फुले जनआरोग्य योजनेची घोषणा केली, तीही विचारून बघा, पण तिच्या भरवशावर तारीख लांबवू नका.

तज्ज्ञांचं दुसरं मत हवं असेल तर युव्हिआयटिसचा स्वतंत्र विभाग असलेल्या ठिकाणी जा. बंगळुरूला राणी चन्नम्मा एक्स्प्रेसनं रात्रीत जाता येतं. सोबत सगळे रिपोर्ट, फोटोंची सीडी, चालू औषधांची यादी आणि माँटूचा मूळ कागद. ऱ्हुमॅटॉलॉजिस्ट, म्हणजे संधिवाताचे आणि अशा आजारांचे डॉक्टर, आणि पडद्याचे डॉक्टर दोघं एकमेकांच्या संपर्कात राहतील असं बघा, कारण एकानं डोस उतरवायचा आणि दुसऱ्याला कळायचंच नाही, हे फार वेळा होतं. डोळा किमान दोन वर्षं शांत राहिल्यावरच औषधं कमी करण्याचा विषय निघतो.

लग्न थांबवायचं कारण नाही. आजार लागत नाही, आणि बापाकडून मुलाकडे सरळ जातो असंही नाही. घरात एखाद्याला असला तर इतरांत शक्यता थोडी वाढते, तेवढंच. अझाथायोप्रिन चालू असताना पुरुषाला मूल होऊ देण्यास आडकाठी मानत नाहीत. मिथोट्रेक्सेट किंवा मायकोफिनोलेट पुढे दिलं तर मात्र आधी डॉक्टरांना विचारा, आणि सायक्लोफॉस्फामाइडची वेळ आली तर वीर्य साठवून ठेवण्याबद्दल आधीच बोला. मुलीकडच्यांना आजार, औषधं आणि दवाखान्याच्या फेऱ्या लग्नाआधी सांगाव्यात असं माझं स्पष्ट मत आहे. फक्त पहिले सहा महिने जाऊ द्या. तोवर डाव्या डोळ्याची नजर कुठं येऊन थांबते ते कळेल.

कामाबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण एक डोळा ६/६० असताना खोलीचा अंदाज चुकतो. वितळलेल्या धातूच्या लॅडलजवळ आणि क्रेनखाली त्याला उभं करू नका. डॉक्टरांच्या प्रमाणपत्रावर धूळ नसलेल्या विभागात, दिवसपाळीला बदली मागा. सिलिकाची धूळ टळली तर क्षयाच्या गोळ्यांनाही तेवढी मदत होईल.